दिवसभरात काय काय पिता?

माझ्या नोकरीत हा प्रश्न मी जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल. समोर पुरुषमाणूस असला की तो आधी बायकोकडं बघायचा, मग छताकडं, आणि मग ठासून सांगायचा, "मॅडम, आपण त्यातलं न्हवं." बायको मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसायची. मला दारूबद्दल काही विचारायचं नसायचं. ते डॉक्टर विचारायचे. मला हवं असायचं बाकीचं सगळं.

मी आहारतज्ज्ञ. कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाह्यरुग्ण विभागाच्या बोळाच्या शेवटी माझी खोली होती. टेबलावर औषधं नाहीत, यंत्रं नाहीत. फक्त कप, बश्या, लहानमोठे ग्लास, वाट्या, चमचे आणि साखरेची बरणी. नवीन माणूस दारातच थबकायचा. एका आजोबांनी तर मला कँटीनची बाई समजून "दोन कट चहा" अशी ऑर्डर दिली होती.

लोकांना वाटतं, आहारतज्ज्ञ म्हणजे 'हे खाऊ नका' सांगणारी बाई. पण खाल्लेलं माणसाच्या लक्षात राहतं. ताट समोर असतं, भाकरी मोडावी लागते, वाढणारी विचारत असते. प्यालेलं मात्र कुणी धरतच नाही. चहा धरत नाहीत, उसाचा रस धरत नाहीत, संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासभर रिचवून आलेला माणूस "काहीच खाल्लं नाही" म्हणून घरी जेवायला बसतो. त्यात आमचं कोल्हापूर. एक रक्तदाबाचे गृहस्थ शपथेवर सांगत होते की त्यांनी मीठ सोडलंय, भाजी अळणी खातात. रक्तदाब काही उतरत नव्हता. शेवटी त्यांच्या सुनेनं सांगितलं, आठवड्यातून दोनदा पांढरा रस्सा वाट्यांवर वाट्या होतो. गृहस्थ रागावले. "रस्सा पितोय मी. खातोय कुठं?"

या नोकरीत मला जी माणसं भेटली त्यातली तिघं आजही मनात आहेत. त्यांच्याबद्दल सांगते.

पहिल्या हुपरीच्या शमशादभाभी. चांदीच्या पैंजणांच्या एका घरगुती कारखान्यात त्या कामाला होत्या. गॅसच्या ज्योतीवर पैंजणाच्या कड्या जोडायचं काम. हात इतके सराईत की माझ्याशी बोलतानाही त्यांची बोटं ओढणीच्या टोकाशी काहीतरी जोडत असायची. त्यांना मुतखडा झाला होता. तो काढून झाला, आणि थोड्याच काळात दुसरा तयार झाला. डॉक्टरांनी कागदावर 'भरपूर पाणी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"पाणी पिता ना?" मी विचारलं.

"पिते की."

याचा काही उपयोग नसतो. म्हणून मी धंद्यातला खरा प्रश्न विचारला, "लघवीचा रंग कसा असतो?"

भाभींनी ओढणी तोंडाला लावली. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई बसल्या होत्या. त्यांना कोल्हापुरात काही खरेदी होती म्हणून गाडीतून भाभींनाही घेऊन आल्या होत्या. भाभी हळूच म्हणाल्या, "चहासारखा. बिनदुधाच्या."

म्हणजे पाणी पोटात जातच नव्हतं. मी विचारत गेले. कामाच्या खोलीत पंखा लावता येत नाही, ज्योत हलते. घाम निथळत असतो. तहान लागत नाही का? लागते. मग?

"पाणी प्यालं की जायला लागतंय, मॅडम."

"मग जायचं."

भाभी मालकिणीकडं न बघता म्हणाल्या, "बाथरूम हाय. पण पुढच्या सोप्यातनं जायला लागतंय. तिथं मालक आन व्यापारी बसल्यालं असत्यात. त्यांच्यासमोरनं कसं जायचं? सगळ्याजणी सकाळपास्नं धरूनच बसतो. घरी गेल्यावर पितो."

मालकीणबाईंची पर्स मांडीवरून खाली घसरली. मला वाटलं, आता ही बाई रागावणार, भाभींचं काम जाणार. मी काहीतरी सारवासारव करणार, तोवर त्याच बोलल्या.

"शमशाद, अगं किती वर्षं झाली तुला माझ्यात येऊन?"

"तुमच्या लग्नाच्या आधीपास्नं हाय की मी."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू, वैनी? असलं काय सांगतंय व्हय कोण?"

मालकीणबाईंनी वाकून पर्स उचलली. मग स्वतःशीच म्हणाल्या, "मागच्या बाजूला दार हाय. सासऱ्यांच्या काळापास्नं त्याच्यापुढं पत्र्याच्या पेट्या रचल्यात. आत काय हाय ते बी कुणाला म्हाईत न्हाय."

पुढच्या तपासणीला शमशादभाभी एकट्याच आल्या, एसटीनं. पेट्या हलवल्या होत्या. मागचं दार उघडून थेट अंगणातल्या बाथरूमकडं जाता येत होतं आणि कामाच्या खोलीत कोपऱ्यात माठ आला होता. "आता सगळ्याजणी ढोसतोय नुसतं," भाभी हसत म्हणाल्या. "मालक म्हणत्यात, कामापेक्षा पाण्याला जास्त येळ जातोय. तर वैनी म्हणाल्या, तुमीबी प्या." मालकांनी काही ते मनावर घेतलं नाही. पुढं ते स्वतःच मुतखड्याचे पेशंट म्हणून माझ्यासमोर बसले, तेव्हा त्यांच्या लघवीचा रंग त्यांच्या आधी मालकीणबाईंनीच मला सांगितला.

शमशादभाभींना पुन्हा खडा झाला नाही. तेव्हापासून कामावर जाणाऱ्या कोणत्याही बाईला मी नुसतं "पाणी प्या" असं सांगितलं नाही. आधी विचारायची, "जायला जागा आहे का?" शाळेच्या बाई, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली, बसच्या कंडक्टर. उत्तर बहुतेक वेळा सारखंच यायचं. सगळीकडं काही मागचं दार नसतं. पण निदान त्या बाईला कळायचं की चूक तिच्या आळसाची नाही.

पाणी प्या म्हणून सांगणं तरीही सोपं. पिऊ नका म्हणून सांगणं फार जड जातं. ते मी केरबाअण्णांना सांगत होते.

केरबाअण्णा राधानगरीकडचे. भाताची खाचरं, थोडा ऊस, दावणीला म्हशी. पावसाळ्यात ज्यांच्या घराच्या पागोळ्या थांबत नाहीत अशा गावचा माणूस, आणि मी त्याला पाणी मोजून देत होते. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी ते डायलिसिसला यायचे. म्हणजे मूत्रपिंडाचं काम यंत्र करतं, रक्त बाहेर काढून, गाळून परत शरीरात सोडतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत जे पाणी प्यावं ते शरीरात साचून राहतं, पाय सुजतात, दम लागतो. शिवाय पोटॅशियम नावाचा क्षार साचतो, तो वाढला तर हृदय एकाएकी बंद पडू शकतं. शहाळ्याच्या पाण्यात तो भरपूर असतो. धडधाकट माणसाला, जुलाब झालेल्याला तेच पाणी गुणकारी. केरबाअण्णांच्या बायकोला मी हे बजावून सांगितलं होतं. पण त्यांच्या मेव्हण्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मेव्हणे घाटाखालचे, कोकणातले. त्यांच्या परसात माड होते. दाजी आजारी म्हणून ते शहाळ्यांचं पोतं घेऊन भेटायला आले. बहीण शेतात गेली होती. दाजींना तहान तर सारखीच लागलेली असायची. मेव्हण्यांनी स्वतःच्या हातानं शहाळी सोलून दिली आणि अण्णा एकामागून एक पीत गेले.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला आले तेव्हा त्यांना रिक्षातून उतरता येईना. "हातापायात जीवच न्हाय," म्हणत होते. सिस्टरनं हृदयाचा आलेख काढला आणि तो हातात घेऊन ती धावलीच. मी वॉर्डात होते. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, यंत्र जोडलं. मी अण्णांच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "काय प्यायले?" तिला माहीत नव्हतं. तिच्या मागं उभे असलेले मेव्हणे पांढरेफटक पडले होते. त्यांनी दोन्ही हातांनी शहाळ्याचा आकार दाखवला.

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, कारण कळल्यानं त्यांचंही काम सोपं झालं. नंतर मी बाहेर येऊन मेव्हण्यांच्या शेजारी बाकावर बसले. यंत्र चालू होतं, आलेखातल्या रेषा हळूहळू ठिकाणावर येत होत्या, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मी इख पाजलं का ओ त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही शहाळं पाजलंत. त्यांच्या शरीराला ते चालत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता माहीत झालं. आणि ते सावरतायत."

"आमच्यात आजारी माणसाला दुसरं काय नेत न्हाईत."

खरंच होतं ते. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेणारी माणसं आपली. अण्णा त्यातून सुखरूप बाहेर पडले. मेव्हणे उरलेलं पोतं परत न्यायला तयार होईनात, हात लावायलाच घाबरत होते. शेवटी ती शहाळी सगळ्या सिस्टर्सनी आणि मी मिळून संपवली. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा त्यांनी अण्णांसाठी एक छोटंसं पितळी फुलपात्र आणलं होतं, देवापुढं ठेवतात तेवढं. मीच एकदा म्हटलं होतं, मोठ्या तांब्यात थोडं पाणी दिसलं की माणसाला कमी दिल्यासारखं वाटतं, लहान भांडं काठोकाठ भरून द्या. अण्णा त्या फुलपात्रातून घोट घोट प्यायचे, अधूनमधून बर्फाचा खडा चघळायचे. तसे ते बरीच वर्षं डायलिसिसला येत राहिले. नातवाला कडेवर घेऊन मला दाखवायला आले होते. आता ते नाहीत, पण त्यांच्या घरचा तांदूळ अजून माझ्याकडं येतो.

तिसरे उचगावचे तात्या.

तात्यांकडं बघून कुणालाही त्यांचा आजार कळला नसता. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, पिळलेल्या मिशा, आणि पायात नवी कोरी कोल्हापुरी चप्पल. ती चप्पलच त्यांना नडली. अंगठ्याला चावली, जखम झाली आणि भरेना. मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या, तरी साखर खाली येत नव्हती. सर्जननं सांगितलं होतं, असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल, आणि कदाचित तिथंच थांबणार नाही. त्यांना माझ्याकडं पाठवलं. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, काकू. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या, फार कमी बोलणाऱ्या.

खाण्यात काही सापडेना. ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी. गोड बंद. पुरणपोळीला हात लावत नाहीत, असं काकूंनीही सांगितलं.

"आणि दिवसभरात काय काय पिता?"

"पाणी. आन चहा. दोनदा."

"दोनदाच?"

"घरात दोनदा," काकू म्हणाल्या.

"आणि बाहेर?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बाहेरचा मी कुठं पितोय? बाहेरचा पाजत्यात."

तात्यांचं काम लग्नं जमवण्याचं होतं. नाव फार मोठं. कोणाच्या घरात मुलगी आहे, कोणाचा मुलगा कुठं नोकरीला आहे, कोणाचं कोणाशी जमेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात. रोज सकाळी मोटारसायकलवर बाहेर पडायचे. मुलीकडच्यांकडं चहा. मुलाकडच्यांकडं चहा. मुलाच्या मामाला मत विचारायला गेलं की चहा. शुभ काम म्हणून साखर सढळ हातानं घातलेली.

मी रिकामा काचेचा ग्लास घेतला. "काल कुठं कुठं गेलतात ते सांगा," म्हटलं, आणि ते एकेक घर सांगतील तशी मी चमच्यानं ग्लासात साखर घालत गेले. तात्या मजेत सांगत होते. मग त्यांचं लक्ष ग्लासाकडं गेलं आणि आवाज उतरत गेला. ग्लासातली साखर बरीच वर आली होती.

"बास," ते म्हणाले. "अजून दोन घरं हाईत, पण बास."

मी सांगितलं, बाहेरचा चहा बंद. कुणी दिला तर नको म्हणा. तात्यांनी मान हलवली. मला फार बरं वाटलं. इतकं स्पष्ट कारण क्वचित हाती लागतं.

पुढच्या तपासणीला तात्या आले ते रागावूनच. खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत.

"तुमचं ऐकलं बाई, आन एका पोरीचं मोडलं."

घडलं ते असं. पन्हाळ्याकडच्या एका गावात मुलगी बघायला ते मुलाकडच्या मंडळींना घेऊन गेले होते. मुलगी डी. फार्म. झालेली, स्वभावानं शांत, घर चांगलं. सगळं पसंत पडल्यासारखंच होतं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. माझं ऐकून तात्या म्हणाले, "मला नको." मुलाच्या चुलत्यांनी उचललेला कप होता तसा खाली ठेवला. तात्या या घरचा चहा पीत नाहीत, म्हणजे त्यांना काहीतरी माहीत असणार. परतीच्या वाटेवर त्यांनी खोदून खोदून विचारलं. तात्यांनी जीव तोडून सांगितलं की मला शुगर हाय, बाईंनी चहा बंद केलाय. चुलत्यांना ती पांघरूण घालायची तऱ्हा वाटली. त्यांनी नकार कळवला. गावात बोभाटा झाला, की तात्यांनी त्या घरच्या चहाला तोंड लावलं नाही.

"त्या पोरीचा बाप काल माझ्या दारात आलता," तात्या म्हणाले. "भांडला न्हाय. नुसता म्हणाला, तात्या, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. मी काय सांगू त्याला?"

मी त्यांना बिनसाखरेचा मागायला सांगितलं. ते म्हणाले, दहा पाव्हण्यांच्या चहात माझं पातेलं वेगळं कोण ठेवणार, आणि ठेवलं तरी बोलणं माझ्या शुगरवर जाणार, पोरगी राहिली बाजूला. अर्धा कप घ्या म्हटलं, तर म्हणाले, उष्टा ठेवला की त्याचा आणि वेगळा अर्थ. हे सगळं ते मस्करीत म्हणत नव्हते. ज्या कामात माणसं एकमेकांचा चेहरा वाचत बसलेली असतात, तिथं कपसुद्धा वाचला जातो.

"अंगठा गेला तर गेला, बाई. पोरीच्या जातीला माझ्यामुळं बोल लागाय नको. मी आपला पितो."

ते दाराकडं वळलेही. तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या काकू बोलल्या.

"मग सगळ्यास्नीच न्हाय म्हणा की."

तात्या थांबले. "म्हंजे?"

"एकाला न्हाय म्हटलं म्हणून त्येचा अर्थ झाला. सगळ्यास्नी न्हाय म्हणायचं. उंबऱ्याच्या आत जायच्या आधीच सांगायचं, की माझा नेम हाय. सुपारी फुटत न्हाय तवर त्या घरचं फकस्त पाणी. सुपारी फुटली की चहा." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एकेक चहा चालंल की न्हाय?"

चालेल, मी म्हटलं. साखर बेताची घातली तर नक्कीच चालेल. सुपारी फुटणं म्हणजे आमच्याकडं लग्न पक्कं होणं. तात्या खुर्चीत येऊन बसले. त्यांनी मिशीला पीळ दिला. आपल्या बायकोकडं असं बघताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"लोक इचारतील, हे कवापास्नं?"

"देवाला बोललोय म्हणावं. देवाचं कोण इचारत न्हाय."

खोटं बोला असं मी पेशंटला कधी सांगितलेलं नाही. त्या दिवशीही सांगितलं नाही. फक्त साखरेच्या बरणीचं झाकण लावत बसले.

नेम चालला. नुसता चालला नाही, त्यानं तात्यांचं नाव आणखी मोठं झालं. पूर्वी चहा पिऊन गेलेल्या मध्यस्थाला लोक दुसऱ्या दिवशी विसरायचे. आता तात्या घोटभर पाणी पिऊन उठले की घरच्यांना रुखरुख लागायची, कधी एकदा हा माणूस आपल्या घरचा चहा पितोय. उचगावच्या आसपास लग्न जमवायला "तात्यास्नी चहा पाजायचाय" असं म्हणू लागले, हे मला एका वेगळ्याच पेशंटकडून कळलं. त्याला तात्या कोण, चहा का, यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सहज म्हणून गेला, "यंदा आमच्या पोरीचा तात्याचा चहा हाय."

साखर हळूहळू खाली आली. गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या, सर्जन मन लावून ड्रेसिंग करत राहिले, काकू रोज रात्री त्यांचे पाय धुऊन, पुसून, निरखून बघत राहिल्या. हे सगळं धरलं पाहिजे, सगळं श्रेय एका चहाला देऊन चालणार नाही. पण चहा थांबल्याशिवाय बाकीच्याचा उपयोग झाला नसता. जखम भरली. अंगठ्याचं नख वेडंवाकडं उगवलं. ते बघून तात्या म्हणाले, "उगवलंय न्हवं? बास मग." चप्पल मात्र त्यांनी पुन्हा घातली नाही. मऊ बूट घालून हिंडू लागले आणि त्याचा त्यांना चहापेक्षा जास्त त्रास झाला.

मोडलेलं लग्न मात्र कुणाच्याच मनातून गेलं नाही. त्या मुलीनं कोल्हापुरात एका औषधाच्या दुकानात काम धरलं. तात्या अधूनमधून स्थळं घेऊन जायचे. मुलीच्या बापानं त्यांना कधी परत पाठवलं नाही, पण मुलगीच तयार होत नव्हती. "मला आता घाई न्हाय, तात्या," म्हणायची. प्रत्येक तपासणीला तात्या मला तिचं सांगायचे आणि मी प्रत्येक वेळी विचारायची. माझ्या एका सल्ल्यानं तिचं लग्न एका कपापायी अडलं होतं. सल्ला चुकीचा नव्हता, पण एका घरात नुसतं 'नको' म्हटलं की काय होतं, हे मला तेव्हा कळलं. ते कुठल्या पुस्तकात नसतं.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मला मोठा थर्मास भेट मिळाला, यात कुणाला काही गंमत वाटली नाही. मग एके सकाळी तात्यांचा फोन आला. "बाई, त्या पोरीची सुपारी हाय. तुमी आलाच पायजे. न्हाय म्हणायचं न्हाय."

मुलगा तिच्याच दुकानात औषधं पोचवायला येणाऱ्या कंपनीत होता. त्यांचं त्यांनीच जमवलं होतं. तात्यांना बोलावलं ते नुसतं दोन्ही घरांत बोलणं घालून द्यायला. यावर तात्यांनी आधी थोडं तोंड वाकडं केलं आणि मग या लग्नासाठी इतर कुठल्याही लग्नापेक्षा जास्त हेलपाटे घातले.

मी गेले. अंगणात मांडव, सतरंजीवर दोन्हीकडची माणसं, वासरू मध्येच हंबरत होतं. सुपारी फुटली, पेढे वाटले, आणि मुलगी स्वतः चहा घेऊन आली. हातात ट्रे नव्हता, एकच कपबशी होती. ती सरळ तात्यांपुढं आली. सगळं गाव त्या कपाकडं बघत होतं. तात्यांनी कपबशी दोन्ही हातांनी घेतली.

"तात्या," ती म्हणाली, "साखर निम्मीच घातलीया. तुमच्या शुगरचं मला म्हाईत हाय. औषधाच्या दुकानात असतो की मी. काकू न्हेत्यात त्या गोळ्या मीच काढून देतो."

म्हणजे तिला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. त्या दिवशी तात्यांनी नको का म्हटलं होतं, हे तिनं त्यांच्या गोळ्यांवरून केव्हाच ओळखलं होतं. आणि इतकी वर्षं ती कुणाला काही बोलली नव्हती. तात्यांनी काकूंकडं बघितलं. काकू पदराआड हसत होत्या.

तात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. तोंड कसनुसं केलं.

"फिका हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

अंगणभर हशा पिकला. मुलीचा बापही हसत होता आणि उपरण्यानं डोळे पुसत होता. तात्यांनी बशी तोंडाला लावली, ती रिकामी केली, कपातला उरलेला चहा तीत ओतला आणि तोही संपवला. मग रिकामी बशी उलटी धरून त्यांनी ती सगळ्या मंडळींना दाखवली.